बुडण्याची जागा

मराठीत पाण्याखाली जाण्यासाठी जे शब्द आहेत ते बहुतेक सगळे तोट्याचे आहेत. धंदा बुडतो, कर्ज बुडते, बँकेच्या ताळेबंदात बुडीत खाते असते, पोरे शाळा बुडवतात, आणि सूर्य ‘बुडाला’ म्हटले की दिवस हातचा गेल्याची हळहळ त्यात आपोआप येते. ‘बुडी मारणे’ यात थोडा खेळकरपणा आहे खरा. पण उसने पैसे घेऊन नाहीसा झालेला माणूसही बुडीच मारतो. ‘तळ गाठणे’ हे तर सरळसरळ अधोगतीचे वर्णन. याउलट तरणे, तारणे, तरून जाणे, तारक हे सारे शब्द पुण्यवान. भवसागरासकट कोणताही सागर आपल्या भाषेने पाहिला तो वरून, काठावरून किंवा नावेतून. कोकणातल्या दर्यावर्दी माणसाच्या बोलीत निराळे काही असू शकेल. पण मी घाटावरची, कृष्णाकाठची. आमच्याकडे पाणी म्हणजे नदी, विहीर आणि पावसाळ्यातला पूर. या सगळ्या शब्दसंपत्तीत मला एकच शब्द त्यातल्या त्यात निर्दोष वाटतो, तो म्हणजे ‘पाणबुड्या’. जो खाली जातो तो पुन्हा वर येणार, हे त्या शब्दात गृहीत आहे.

हे भाषिक प्रास्ताविक करण्याचे कारण असे, की दोन वर्षांपूर्वी आमच्या घरात ‘स्कूबा’साठी कुठे जायचे याची चर्चा सुरू झाली तेव्हा पहिली हरकत सासूबाईंनी घेतली, आणि ती मुळात भाषेचीच होती. “म्हणजे पैसे भरून बुडायला जायचं?” असे त्या म्हणाल्या. त्यांच्या विचारण्यात विनोद नव्हता. त्यांचा धाकटा भाऊ लहानपणी नदीत गेला. त्या घरात आजही ‘तो बुडाला’ असे कोणी म्हणत नाही, ‘पाण्यात गेला’ असे म्हणतात. जणू तो तिथे कुठेतरी अजून आहे.

घरात माणसे पाच. मी आणि नवरा दोघेही महाविद्यालयात शिकवतो. मी मराठी, तो भौतिकशास्त्र. लेक तेव्हा चौदा वर्षांची, धाकटा अकराचा, आणि सासूबाई बहात्तरच्या. ही कल्पना लेकीची. समुद्राखालच्या जगाविषयीची पुस्तके ती दुसरी-तिसरीपासून वाचत आली होती, आणि प्रवाळ हा दगड किंवा वनस्पती नसून प्राणी आहे, हे घरात आम्हा सर्वांना तिनेच सांगितले होते. प्रवाळाच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते, ते त्याला अन्न पुरवते आणि रंगही देते. पाणी फार तापले तर हा संसार मोडतो, शैवाल बाहेर पडते आणि प्रवाळ पांढरे होते. “पांढरं म्हणजे लगेच मेलेलं नव्हे,” ती बजावून सांगे, “उपाशी.” अशा मुलीला समुद्र दाखवायचा तर तो काठावरून दाखवण्यात अर्थ नव्हता.

स्कूबाचे तंत्र फार जुने नाही. १९४३ मध्ये फ्रान्समध्ये जाक कूस्तो आणि एमिल गान्यँ या दोघांनी असा झडपयंत्र-पुरवठा सिद्ध केला की पाणबुड्याला मागेल तेव्हा, मागेल तेवढी आणि भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाची हवा पाठीवरच्या टाकीतून मिळावी. तोपर्यंत खाली उतरणारा माणूस बहुधा एक तर वरून सोडलेल्या नळीला बांधलेला असे, नाही तर स्वतःच्या एका श्वासाला. नवऱ्याला या विषयात शिकवण्याजोगे पुष्कळ सापडले. दर दहा मीटरला दाब एका वातावरणाइतका वाढतो. म्हणून दहा मीटरवर छातीभरून घेतलेली हवा पृष्ठभागावर येईपर्यंत दुप्पट जागा मागते. १६६२ सालचा बॉइलचा नियम त्याने जेवणाच्या टेबलावर फुगा आणि बरणी घेऊन समजावला. त्यातून निघणारा पाणबुड्याचा पहिला नियम मात्र मला वाङ्मयीन दृष्ट्या विलक्षण वाटला: श्वास कधीही रोखून धरायचा नाही. आपल्या सगळ्या कथा-कादंबऱ्यांतली माणसे अद्भुतासमोर श्वास रोखून उभी राहतात. इथे अद्भुतासमोर श्वास चालू ठेवणे ही जगण्याची अट आहे.

जागेची निवड आधी नकाशावर सुरू झाली. मराठी माणसाच्या नकाशावर पहिले नाव येते ते मालवणचे, आणि आम्हाला तर ते एका दिवसाच्या मोटारीच्या अंतरावर. फोंडा घाट उतरला की हवा बदलते, जेवणात सोलकढी येते, आणि राहायला समुद्राकाठी घरगुती न्याहारी-निवास मिळतो. सासूबाईंना त्या घरच्या बायकांशी बोलायला विषय कमी पडला नसता. १६६४ मध्ये बांधायला घेतलेल्या सिंधुदुर्गाच्या आसपासच्या खडकांवर तिथली बहुतेक स्कूबा चालते. १९८७ मध्ये याच भागात सागरी अभयारण्य जाहीर झाले. स्थानिक मच्छीमारांचा त्याला विरोध राहिला, आणि पुढे त्याच मच्छीमारांची मुले पर्यटकांना पाण्याखाली नेऊ लागली. ही कथा एखाद्या कादंबरीकाराने लिहायला हवी. पण मालवणचे पाणी खाड्यांच्या तोंडाशी आहे. नद्या गाळ आणतात, आणि पुष्कळ दिवस काही मीटरपलीकडे दिसत नाही. शिवाय तिथे ज्याला स्कूबा म्हणतात तो बहुधा दहा-पंधरा मिनिटांचा अनुभव असतो: एक जण तुम्हाला मागून धरून ठेवतो, दुसरा छायाचित्रे काढतो, आणि मासे जमावेत म्हणून पाव कुस्करला जातो. त्यात काही गैर आहे असे नव्हे. अनेकांना समुद्राची पहिली ओळख तिथेच होते. पण पाव खायला आलेले मासे पाहणे लेकीला मान्य नव्हते.

दुसरे नाव नेत्राणीचे. कर्नाटकात मुरुडेश्वरहून होडीने दीड-दोन तास गेले की हे निर्जन बेट लागते. पाणी मालवणपेक्षा पुष्कळ स्वच्छ. किनाऱ्यावर शंकराची १२३ फुटी मूर्ती, समोर देऊळ. म्हणजे सासूबाईंची सोय झाली. परंतु नेत्राणीला उतरायला किनारा नाही, बसायला सावली नाही. जो पाण्यात जाणार नाही त्याने एक तर हलत्या होडीत पोट धरून बसायचे, नाही तर दिवसभर गावात आपल्या माणसांची वाट पाहायची. तिसरे नाव लक्षद्वीप. २०२४ च्या जानेवारीत पंतप्रधानांच्या भेटीनंतर ते घरोघरी पोचले होते. प्रवाळाच्या कड्याने वेढलेले उथळ, स्वच्छ पाणी हे लक्षद्वीपचे खरे वैभव. पण तिथे जायला परवाना लागतो, विमाने आणि जहाजे मोजकी, बेटे लहान. त्यातच त्या वर्षीच्या उन्हाळ्यात समुद्र तापून तिथले प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडल्याच्या बातम्या आल्या. लेक म्हणाली, “उपाशी माणसाच्या घरी पाहुणे म्हणून जायचं का?” तो मुद्दा तिथेच संपला.

उरले अंदमान. मराठी घरात अंदमान या शब्दाला सेल्युलर जेलखेरीज अर्थ नसतो. सासूबाईंनी ‘माझी जन्मठेप’ तरुणपणी वाचली होती, आणि ती कोठडी एकदा पाहावी अशी त्यांची जुनी इच्छा होती. काळ्या पाण्याची शिक्षा जिथे भोगली जाई तिथे निळे पाणी पाहायला जायचे, यातली विसंगती त्यांना खटकली नाही. मलाच थोडी खटकली. असो. विमानाचे भाडे ऐकून नवऱ्याने डोळे मिटले. पाच जणांचे जाणे-येणे आमच्या दोघांपैकी एकाच्या महिन्याच्या पगाराच्या पुढे जात होते. महाविद्यालयाची सुट्टी दिवाळीची. नोव्हेंबरात अंदमानात ईशान्य मोसमी पाऊस पडू शकतो. मार्च-एप्रिलमध्ये समुद्र शांत असतो, पण तेव्हा आम्ही उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांखाली बुडालेले असतो. (पाहा, इथेही बुडणे तोट्याचेच.) म्हणजे कुठे जायचे हे समुद्राने निम्मे ठरवले आणि विद्यापीठाच्या वेळापत्रकाने निम्मे.

खरी निवड मात्र नकाशावर झालीच नाही; ती एका कागदावर झाली. पाण्यात उतरण्यापूर्वी प्रत्येकाला प्रकृतीविषयीची प्रश्नावली भरून द्यावी लागते. हृदयविकार, फिट्स, कानाची शस्त्रक्रिया, गर्भारपण, दमा. उत्तर ‘होय’ आले तर डॉक्टरांच्या सहीखेरीज पुढे जाता येत नाही. लेकीला लहानपणापासून दमा आहे. मोठा झटका येऊन चार वर्षे झाली होती. पण ऊस तोडणीच्या दिवसांत पाचट पेटवतात तेव्हा तिच्या दप्तरात आजही पंप असतो. ती धावते, खेळते, आणि आपल्याला दमा आहे हे तिला आठवत नाही. मला आठवते. आई म्हणून माझ्या कानाचा एक भाग रात्री तिच्या श्वासाकडे असतोच.

मी वेगवेगळ्या ठिकाणच्या पाच-सहा स्कूबा केंद्रांना फोन केले. मालवण, गोवा, अंदमान. दर काय, किती वेळ, छायाचित्रे मिळतील का, हे सांगायला सगळे उत्सुक होते. मग मी दम्याचे विचारले. एके ठिकाणचा माणूस अतिशय आपुलकीने म्हणाला, “मॅडम, फॉर्मवर ‘नाही’ लिहा. काही होत नाही, आम्ही रोज शेकडो लोकांना नेतो.” दुसऱ्याने सांगितले की फॉर्म वगैरे तिथे आल्यावर बघू. हॅवलॉकच्या एका केंद्रातून मात्र एका तरुण मुलीने मला पंधरा मिनिटे प्रश्न विचारले: शेवटचा झटका कधी, औषध कोणते, धावल्यावर छातीत घरघर होते का, थंड कोरड्या हवेचा त्रास होतो का. आणि शेवटी ती शांतपणे म्हणाली, “छातीविकारतज्ज्ञाची लेखी परवानगी असेल तरच आम्ही तिला नेऊ. नसेल तर तुम्ही इथवर आलात तरी नेणार नाही, आणि पैसे भरले असतील तर परत देऊ.”

फोन ठेवला तेव्हा मला थोडा राग आला होता, हे नाकारत नाही. पण संध्याकाळपर्यंत माझ्या लक्षात आले की जागा ठरली आहे. ज्याच्या हाती आपण आपले मूल पाण्याखाली देणार, त्याच्याकडे पाहण्यासारखा एकच गुण असतो: तो आपल्याला नकार देऊ शकतो का? समुद्राची पारदर्शकता, माशांचे प्रकार, खोलीतली सोय हे सगळे त्यानंतर. नंतर मी त्याच मुलीला आणखी प्रश्न विचारले. एका प्रशिक्षकामागे किती नवखे? तिने सांगितले, एकच. जवळ प्राणवायूची टाकी असते का? दाबामुळे काही बिघडले तर उपचाराची सोय सर्वांत जवळ कुठे, आणि तिथवर पोचायला किती वेळ? तिच्याकडे प्रत्येक प्रश्नाचे उत्तर तयार होते, आणि तिला त्या प्रश्नांचा कंटाळा आलेला दिसला नाही. चांगल्या परीक्षकाला आपण जसे ओळखतो, तसे मी तिला ओळखले.

मिरजेला छातीविकारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी लेकीला नळीत फुंकायला लावले, मग तीन मजले जिना चढ-उतार करायला लावला आणि पुन्हा फुंकायला लावले. आलेखाकडे बराच वेळ पाहिले. मग त्यांनी जे सांगितले ते बॉइलच्या नियमाचेच उदाहरण होते. निरोगी माणूस वर येताना त्याच्या छातीतली फुगणारी हवा वाट काढून बाहेर पडते. दम्यात लहान श्वासनलिका आकसतात. एखाद्या कोपऱ्यात हवा अडकली आणि तिला वाट मिळाली नाही, तर ती फुगताना फुप्फुस फाटू शकते, आणि रक्तात शिरलेला बुडबुडा मेंदूपर्यंत जातो. त्यातून टाकीतली हवा कोरडी आणि थंड. म्हणजे आकसायला निमित्त तयारच. अनेक दमेकऱ्यांना परवानगी मिळते, असेही ते म्हणाले. “पण हिची दुसरी फुंक पहिलीपेक्षा कमी आहे. पाण्याखाली नको. पाण्यावर हवं तितकं.”

परतीच्या वाटेवर गाडीत कोणी बोलले नाही. अंकलीच्या पुलावर लेकीने खिडकीबाहेर पाहत विचारले, “तो जाणार का?” तो म्हणजे धाकटा. स्कूबाच्या नवख्या अनुभवासाठी बहुतेक ठिकाणी वयाची अट दहा वर्षांची; तो अकराचा आणि ठणठणीत. ज्याने प्रवाळाविषयी एक ओळ वाचली नव्हती त्याला खाली जाता येणार होते, आणि जिने सगळे वाचले होते तिला नाही. या प्रश्नाला न्यायाचे उत्तर नव्हते. नवरा म्हणाला की आपण कोणीच न जाणे हाही एक मार्ग आहे. लेक फिरून त्याच्याकडे पाहत म्हणाली, “म्हणजे माझ्यामुळे कोणीच गेलं नाही असं आयुष्यभर ऐकायचं?” तिचे बरोबर होते. त्याग हा पुष्कळदा ज्याच्यासाठी केला जातो त्याच्याच डोक्यावर ठेवलेला दगड असतो.

मग आम्ही सगळी निवड नव्याने मांडली. आता कसोटी निराळी होती. आधी आम्ही विचारत होतो की उत्तम पाणी कुठे आहे. आता विचारू लागलो की वरून पाहणाऱ्यालाही खाली उतरलेल्याच्या जवळपास दिसेल असे पाणी कुठे आहे. मालवण त्यात बसत नव्हते, कारण गढूळ पाण्यात पृष्ठभागावरून काहीच दिसत नाही. नेत्राणीचे खडक खोल. हॅवलॉकला मात्र किनाऱ्यालगत अशी उथळ जागा आहे जिथे नवखे पाणबुडे चालत पाण्यात शिरतात, आणि त्याच पाण्यात वर स्नॉर्केल लावून तरंगणारी माणसे असतात. खोल समुद्रातली नामांकित ठिकाणे आमच्या उपयोगाची नव्हती. तिथे होडीने जावे लागते आणि तिथला प्रवाह नवख्याला झेपत नाही. कुटुंबाने जायचे असेल तर बुडण्याची जागा सर्वांत कच्च्या माणसाकडे पाहून निवडावी, आणि राहण्याची जागा सर्वांत कोरड्या माणसाकडे पाहून, हे सूत्र मला तेव्हा गवसले. आमच्यात कच्चे आम्ही तिघे आणि कोरड्या सासूबाई.

हॅवलॉकला २०१८ पासून स्वराज द्वीप म्हणतात. लोकांच्या तोंडी अजून दोन्ही नावे आहेत. मूळ नाव एका इंग्रज सेनापतीचे, पण बेटावरची गावे गोविंदनगर, राधानगर, श्यामनगर, कृष्णनगर अशी. पूर्व बंगालमधून उखडून आलेल्या निर्वासितांना इथे वसवले, त्यांनी हे वैष्णव गोकुळ सोबत आणले. पर्यटक या किनाऱ्यांना क्रमांकाने ओळखतात. पश्चिमेचा सात क्रमांकाचा, म्हणजे राधानगरचा किनारा चित्रातल्यासारखा. रुंद वाळू, समोर सूर्यास्त. बहुतेकांना तिथे राहावेसे वाटते. पण स्कूबाची केंद्रे आणि धक्का आहेत पूर्वेकडे, आणि सात क्रमांक तिथून दहा-बारा किलोमीटर. सकाळी लवकर पाण्यात उतरायचे तर पूर्वेला राहणे शहाणपणाचे. पूर्वेच्या किनाऱ्याचा दोष असा की ओहोटीला पाणी पार लांब जाते आणि उघड्या पडलेल्या खडकाळ तळावर पोहता येत नाही. सासूबाईंना नेमके तेच आवडले. “पाणी आपणहून मागे जातं, हे बरं,” असे त्या म्हणाल्या. आम्ही पूर्वेला, झाडांतल्या एका साध्या घरात राहिलो. तिथे घड्याळ मुंबईचे आणि सूर्य ब्रह्मदेशाच्या जवळचा, म्हणून पहाटे पाचलाच लख्ख उजेड आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास अंधार. सासूबाईंचे घड्याळ घरीही असेच चालते. त्या एकट्याच तिथे पहिल्या दिवसापासून रुळल्या.

दिवसाचा क्रमही पंचांग पाहून ठरवावा तसा ठरवावा लागला. उधाणाच्या दिवसांत पाणी फार चढते-उतरते आणि गढूळ होते, भांगाच्या दिवसांत ते तुलनेने स्थिर. हे शब्द मला मालवणच्या मच्छीमारांनी दिले होते आणि ते बंगाली नावाड्यालाही खुणांनी समजले. शिवाय स्कूबानंतर लगेच विमानात बसता येत नाही. शरीरात विरघळलेला नायट्रोजन उंचावर कमी दाबात बुडबुड्यांच्या रूपाने सुटू शकतो, म्हणून एका बुडीनंतर निदान बारा तास आणि अधिक बुड्यांनंतर अठरा तास जमिनीवर थांबायचे. आमच्या केंद्राने पुरते चोवीस सांगितले. म्हणजे शेवटचा दिवस कोरडा ठेवणे भाग. इतर मराठी मंडळी पहिल्या दिवशी सेल्युलर जेल पाहतात. आम्ही ते शेवटी ठेवले. सासूबाईंनी पाच दिवस वाट पाहिली, तक्रार केली नाही.

पाण्यात उतरलो ती सकाळ ढगाळ होती, पण वारा नव्हता. मी विहिरीत पोहायला शिकले आहे. पाठीला वाळका भोपळा बांधून मामाने ढकलले होते, आणि विहिरीचा तळ मला कधीच दिसला नव्हता. इथे गुडघाभर पाण्यातून तळ दिसू लागला तो दिसतच राहिला. प्रशिक्षकाने अंगठा वर केला की ‘वर चला’, आणि बोटांचे वर्तुळ केले की ‘ठीक आहे’. अंगठा दाखवून ‘उत्तम’ म्हणण्याची आमची सवय तिथे चालत नाही. नाक चिमटीत धरून कानातला दाब सोडायचा, आणि श्वास घेत राहायचे. पहिली दोन मिनिटे मी फक्त श्वास घेतला. तो इतका मोठ्याने ऐकू येत होता की रात्री ज्याच्याकडे माझा कान असतो तोच आवाज मला आता स्वतःच्या छातीतून येताना ऐकू आला.

काय पाहिले ते सांगणे सोपे नाही. खोल जाऊ तसा लाल रंग आधी नाहीसा होतो. माझ्या हातावरचा कुंकवासारखा धागा तपकिरी दिसू लागला. प्रवाळ काही जिवंत, काही करडे, तुटलेले. २०१० च्या उष्ण उन्हाळ्यानंतर अंदमानातले पुष्कळ प्रवाळ गेले, हे लेकीने आधीच सांगून ठेवले होते. समुद्रफुलाच्या बोटांमध्ये नारिंगी मासा आत-बाहेर करत होता. धाकटा माझ्या डावीकडे, त्याच्या प्रशिक्षकाच्या हाताला घट्ट धरून. नवऱ्याची पाळी आमच्यानंतर होती. मी मान वळवून वर पाहिले. सहा-सात मीटर वर, उजेडाच्या चमकत्या पत्र्यावर एक काळी आकृती हातपाय पसरून पडली होती, शेजारी केशरी कडे आणि सोबतीची मुलगी. माझे बुडबुडे तिच्याकडे जात होते. वर जाता जाता ते मोठे होत होते, नियमाप्रमाणे, आणि तिच्यापाशी फुटत होते.

संध्याकाळी तिने मला विचारले, “आता सांग.” मी वीस वर्षे मराठी शिकवते आहे. मी जे सांगितले ते तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, “वरून जास्त दिसतं, आई. तू एकेक गोष्ट बघत होतीस. मी तुला आणि त्या सगळ्या गोष्टी एकदम बघत होते.” ती हे मनापासून म्हणाली की माझ्यासाठी म्हणाली, ते मला अजून ठरवता आलेले नाही. कारण दुसऱ्या दिवशी धाकट्याने आपले प्रमाणपत्र पुन्हा एकदा बाहेर काढले तेव्हा ती उठून बाहेर गेली, आणि ओहोटीने उघड्या पडलेल्या दगडांवरून बराच वेळ एकटी चालत राहिली. सासूबाई तिच्यामागे काही अंतर ठेवून, चपला हातात घेऊन चालत होत्या. मी गेले नाही.

शेवटच्या दिवशी जेल पाहिले. सप्टेंबर २०२४ मध्येच पोर्ट ब्लेअरचे श्री विजयपुरम झाले होते; रिक्षावाला दोन्ही नावे एकाच वाक्यात वापरत होता. तुरुंग १८९६ मध्ये बांधायला घेतला आणि १९०६ मध्ये पुरा झाला. मूळच्या सात इमारतींपैकी तीन उरल्या आहेत. कोठडी लहान, आणि मागच्या भिंतीत पार उंचावर एक झरोका. सासूबाई सावरकरांच्या कोठडीत हात जोडून उभ्या राहिल्या, मग त्यांनी त्या झरोक्याकडे पाहिले. भोवती चहूकडे समुद्र आणि आतून त्याचा थेंबही दिसत नाही. गच्चीवर आलो तेव्हा तो एकदम सगळीकडे दिसला. त्यांनी लेकीचा हात धरला आणि विचारले, “तू वरून बघितलंस ना? तळ दिसत होता?”

“दिसत होता, आजी. वाळूसुद्धा.”

“सगळीकडे?”

“आम्ही होतो तिथे सगळीकडे.”

“बरं,” त्या म्हणाल्या, आणि पुष्कळ वेळ हात सोडला नाही. साठ वर्षांपूर्वीच्या नदीचा तळ कोणी पाहिलेला नाही. पण त्या दिवसानंतर घरात त्यांच्या तोंडून एकदा ‘माझा भाऊ बुडाला तेव्हा’ असे वाक्य मी ऐकले, सरळ आणि शांत.

सहलीची जागा कशी निवडावी, असे आता सहकारी विचारतात. मी त्यांना तीन गोष्टी सांगते: तुमच्यातला जो पाण्यात जाणार नाही त्याच्याकडे पाहून घर घ्या; जो सर्वांत कच्चा आहे त्याच्याकडे पाहून पाणी घ्या; आणि जो तुम्हाला ‘नाही’ म्हणू शकतो त्याच्याच हाती श्वास द्या. हे सांगायला सोपे आहे. मिरजेच्या डॉक्टरांनी लेकीला अठराव्या वर्षी पुन्हा तपासू म्हटले आहे. त्या प्रश्नावलीची एक प्रत तिने आपल्या पुस्तकांच्या कपाटाला आतून चिकटवली आहे. सगळ्या रकान्यांत ‘नाही’, एका रकान्यात ‘होय’. ते ‘होय’ तिने स्वतःच्या अक्षरात लिहिले आहे, आणि अक्षर चांगले आहे.